फुंकर आपली, माप कोणाचे? फुप्फुस मोजणाऱ्या यंत्रातील वंशभेदाचा इतिहास

मोठ्या दवाखान्यात दम लागणारा माणूस गेला की डॉक्टर त्याला एक तपासणी लिहून देतात. नाकाला चिमटा लावला जातो, तोंडात नळी दिली जाते आणि तंत्रज्ञ ओरडून सांगतो, छाती भरून श्वास घ्या, आता जोरात फुंका, अजून, अजून, अजून! या तपासणीचे नाव स्पायरोमेट्री. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि सगळी मिळून किती पडली, हे यंत्र मोजते. पण फुंकण्याच्या आधी तंत्रज्ञाने संगणकात काही माहिती भरलेली असते. वय, उंची, स्त्री की पुरुष. आणि जगभरच्या असंख्य यंत्रांत याला जोडून आणखी एक चौथा रकाना वर्षानुवर्षे राहिला आहे. वंश.

फुप्फुसाच्या यंत्राला माणसाचा वंश कशाला हवा? हा प्रश्न आंबेडकरी चळवळीतल्या कार्यकर्त्याला पडायलाच हवा, कारण जन्मावरून माणसाचे माप ठरवण्याचा धंदा काय असतो हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

आधी हिशेब समजून घेऊ. यंत्राने दिलेला आकडा एकटा फार काही सांगत नाही. तेवढ्याच वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाने किती हवा फुंकायला पाहिजे, याचा एक अपेक्षित आकडा संगणकात असतो. रुग्णाची फुंकर त्या आकड्याच्या किती टक्के भरली, ते पाहिले जाते. समजा अपेक्षित आकडा ३ लिटर आहे आणि रुग्णाने पहिल्या सेकंदात १.४ लिटर हवा फुंकली. म्हणजे ४७ टक्के. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराच्या, 'गोल्ड' या जागतिक मार्गदर्शिकेप्रमाणे ५० टक्क्यांच्या खाली गेलेला आजार गंभीर धरतात. आता चौथ्या रकान्यात वेगळा वंश भरा. संगणक अपेक्षित आकडाच १० टक्क्यांनी खाली ओढतो, ३ चे २.७ लिटर होतात. तोच माणूस, तीच फुंकर, आणि निकाल ५२ टक्के. आजार एका क्षणात गंभीरवरून मध्यमवर आला! त्याच्या छातीत काहीही सुधारलेले नाही. त्याच्याकडून ठेवलेली अपेक्षा तेवढी कमी केली. वर्गात आपल्या पोरांच्या बाबतीत मास्तर जे करत आले, तेच हे.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सीओपीडी आहे की नाही, हे पहिल्या सेकंदाची हवा आणि एकूण हवा यांच्या गुणोत्तरावरून ठरते. औषध देऊनही ते ०.७० च्या खाली राहिले तर आजार आहे. या गुणोत्तरावर वंशाच्या रकान्याचा फारसा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो आजार किती वाढला, शस्त्रक्रिया झेपेल का, फुप्फुस प्रत्यारोपणासाठी पाठवायचे का, अपंगत्वाचा दाखला आणि भरपाई मिळणार का, या ठिकाणी. म्हणजे जिथे पैसा आणि हक्क येतो, नेमके तिथे.

आता इतिहास.

जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८४६ साली आपल्या स्पायरोमीटरवरचा प्रबंध प्रसिद्ध केला. लंडनमधल्या दोन हजारांहून अधिक माणसांची फुंकर त्याने मोजली होती. त्यात खलाशी होते, पोलीस होते, आग विझवणारे होते, छापखान्यातले कामगार होते, दरिद्री लोक होते आणि सभ्य गृहस्थही होते. त्याला आढळले की फुप्फुसाची ताकद सर्वांत जास्त उंचीशी बांधलेली आहे. उंची एक इंचाने वाढली की हवा सुमारे ८ घन इंचांनी वाढते. शोध खरा होता, तो आजही टिकून आहे. पण यंत्राच्या जन्मापासूनच त्याच्याकडे डोळे लावून बसली होती विमा कंपनी. कोणाचा विमा उतरवायचा आणि कोणाला दारातून परत पाठवायचे, हे ठरवायला तिला एक आकडा हवा होता.

यंत्र अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचले आणि गुलामांच्या मालकांच्या हाती लागले. सॅम्युएल कार्टराइट हा लुइझियानातला डॉक्टर. गुलाम पळून जातो हा एक मानसिक आजार आहे, असे सांगून त्याने त्या आजाराला ड्रॅपेटोमॅनिया असे नावही दिले होते. याच माणसाने १८५१ च्या सुमारास स्पायरोमीटर वापरून जाहीर केले की काळ्या माणसाचे फुप्फुस गोऱ्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी भरते. आणि त्यातून निष्कर्ष काय काढला? तर गोऱ्या मालकाच्या हुकमाखाली कष्ट केले तरच काळ्याच्या रक्तात पुरेशी हवा जाते, तेव्हा गुलामी त्याच्या तब्येतीला चांगली! मनुस्मृतीने शूद्राच्या कल्याणाचा जो मार्ग सांगितला, त्याची ही यंत्रावर मोजलेली आवृत्ती.

कार्टराइटला कोणी वेडा म्हणून सोडून देईल. पण पुढचा माणूस वेडा नव्हता. बेंजामिन गूल्ड हा नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ. अमेरिकन यादवी युद्धात हजारो सैनिकांची मापे घेण्यात आली, त्यांत फुंकरीचेही माप होते, आणि १८६९ साली गूल्डने ती कोष्टके ग्रंथरूपाने छापली. काळ्या सैनिकांचे आकडे कमी होते. हे सैनिक कोठून आले होते? कालपर्यंत गुलाम होते. काय खाऊन वाढले, कसल्या खोपटात राहिले, किती धूळ आणि धूर प्यायले, यांपैकी एकाही गोष्टीला त्या कोष्टकांत जागा नव्हती. कोष्टकात रकाना होता तो वंशाचा. जे मोजले तेच कारण ठरले आणि जे मोजलेच नाही ते इतिहासातून बाद झाले. मित्रांनो, या इतिहासातली सगळ्यांत मोठी चलाखी हीच आहे. ती कोणा दुष्ट माणसाने केलेली नाही, एका स्वच्छ, नीटनेटक्या कोष्टकाने केली आहे.

१८९६ मध्ये प्रुडेन्शियल या विमा कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने गूल्डचेच आकडे उचलून ग्रंथ लिहिला. काळ्यांमध्ये क्षयाने इतके मृत्यू होतात ते त्यांच्या वंशामुळे, परिस्थितीमुळे नव्हे, असे त्याचे म्हणणे. या माणसाला भिडला तो डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. त्याने हॉफमनच्या पुस्तकाची चिरफाड केली आणि १९०६ साली काळ्या अमेरिकनांच्या आरोग्यावर स्वतंत्र अभ्यास संपादित करून दाखवून दिले की घर, अन्न, मजुरी आणि वस्ती यांचा हिशेब केल्याशिवाय मृत्यूचा हिशेब होत नाही. याच डु बॉइसला १९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली होती, त्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या, आणि डु बॉइसने उत्तरही दिले.

बाबासाहेबांचे नाव इथे केवळ पत्रापुरते येत नाही. हिंदुस्थानातही माणसे मोजण्याचा उद्योग जोरात चालला होता. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या प्रमाणावरून जातींची उतरंड लावली, १९०१ च्या जनगणनेवर त्याचीच छाप होती. जात म्हणजे वंश, हे त्याचे सूत्र. बाबासाहेबांनी यावर काय केले? मोजमाप पाश्चात्त्यांचे आहे म्हणून फेकून दिले नाही. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी मांडलेली नाकांची मापे हातात घेतली आणि त्याच मापांनी दाखवले की त्या त्या प्रांतातला ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. अस्पृश्यतेचे मूळ रक्तात नाही. 'जातिनिर्मूलन'मध्येही १९३६ साली त्यांनी हेच मांडले होते की जात ही एकाच वंशाच्या लोकांची केलेली सामाजिक विभागणी आहे. आपल्यापैकी काही तरुण हल्ली उत्साहाच्या भरात मूलनिवासी रक्त, आर्य रक्त अशी भाषा बोलतात. त्यांनी हा ग्रंथ पुन्हा काढून वाचावा.

अमेरिकेत मात्र रकाना टिकला. विसाव्या शतकात तो यंत्राच्या आत शिरला, आणि संगणक आल्यावर तर दिसेनासाच झाला. १९७८ साली अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने सुती गिरण्यांतल्या धुळीवर नियम केला. कामगारांच्या लढ्याने मिळालेला चांगला नियम. गिरणीमालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये हरले. पण त्याच नियमात एक ओळ होती: काळ्या कामगाराच्या फुप्फुसाचा अपेक्षित आकडा ०.८५ ने गुणावा. कापसाच्या मळ्यात ज्यांच्या पूर्वजांना जुंपले, त्यांच्या नातवंडांनी कापसाच्या गिरणीत धूळ खाल्ली आणि त्यांचे फुप्फुस मोजताना १५ टक्के आधीच वजा! १९९९ मध्ये ओवेन्स कॉर्निंग ही कंपनी बाल्टिमोरच्या न्यायालयात याच मुद्द्यावर उभी राहिली. अॅस्बेस्टॉसने छाती गेलेल्या काळ्या कामगारांनी भरपाई मागायची तर त्यांची फुप्फुसे गोऱ्यांपेक्षा जास्त खराब झालेली असली पाहिजेत, असा तिचा अर्थ होता. न्यायाधीशाने तो फेटाळला. लंडी ब्राउन या अभ्यासक बाईंनी या सगळ्या वंशावळीवर २०१४ साली सविस्तर ग्रंथ लिहिला आणि अनेक तरुण डॉक्टरांना आपण रोज दाबतो ते बटण कार्टराइटच्या काळापासून चालत आले आहे, हे तेव्हा पहिल्यांदा कळले.

मग आपण, भारतातले लोक, या रकान्यात कोठे बसतो? २०१२ साली जगभरची मापे एकत्र करून नवी समीकरणे तयार झाली. त्यात गोरे होते, आफ्रिकी अमेरिकन होते, ईशान्य आणि आग्नेय आशियाई होते. भारतीय उपखंडाची मापे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून बाहेर राहिली. सव्वाशे कोटींचा देश 'इतर' या खान्यात! आणि आपल्याकडे स्वतंत्र मापे झाली ती कोणाची झाली, तेही पाहा. १९३० च्या दशकात मद्रासेत मोजणी झाली ती वैद्यकीय विद्यार्थ्यांची. १९३० च्या दशकात मेडिकल कॉलेजच्या बाकावर कोण बसत होते, हे सांगायला जनगणना लागत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने वंशाचा रकाना काढून सर्वांसाठी एकच समीकरण वापरावे, अशी शिफारस केली. पावणेदोनशे वर्षांनंतर.

इथे काही मित्र टाळ्या वाजवून थांबतील. मला थांबता येत नाही, कारण रकाना काढल्याने प्रश्न अर्धाच सुटतो. भारतीय माणसाची फुंकर सरासरीने युरोपियनापेक्षा कमी भरते, हे माप खोटे नाही. त्यात शरीराच्या ठेवणीचा थोडा वाटा असेल. पण आईच्या पोटातली उपासमार, जन्मतः कमी वजन, बालपणी वारंवार झालेले छातीचे आजार आणि चुलीचा धूर, या गोष्टी फुप्फुसाची वाढ खुंटवतात हे वैद्यकाला माहीत आहे. अशा खुंटलेल्या पिढीचा सरासरी आकडा 'भारतीय नॉर्मल' म्हणून छापला, तर उपासमारच नॉर्मल ठरते. उलट, एकदम परक्या उंच मापाला सगळ्यांना बांधले तर धडधाकट पोराला अग्निशमन दलाच्या भरतीत छातीच्या कारणावरून नापास करता येते, आणि कॅन्सरच्या रुग्णाला फुप्फुस कमी आहे म्हणून ऑपरेशन नाकारता येते. तेव्हा एकच माप हवे, पण त्या मापाच्या शेजारी माणसाचा इतिहास लिहिलेला हवा.

आजच्या छातीविकारशास्त्रात रुग्णागणिक उपचार हा परवलीचा शब्द झाला आहे. सगळ्यांना एकच पंप नाही, ज्याची छाती जशी तसे औषध. तत्त्व उत्तम आहे. पण रुग्ण वेगळा आहे म्हणजे नेमका कशाने वेगळा, हे विचारताच वरचा सगळा इतिहास पुन्हा उभा राहतो.

मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण घ्या. साचे खात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि महाराच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? म्हणून आपली माणसे रिंग खात्यात, सुताकडे. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी घेत नसाल तर आमची माणसे संपात राहणार नाहीत, असे बजावले, तेव्हा कुठे कुरकुरत ती मागणी घेतली गेली. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ते पुन्हा याच विषयावर बोलले. हा इतिहास आपल्याला पगाराच्या अंगाने पाठ आहे. आता तो छातीच्या अंगाने वाचा. सुती गिरणीत सर्वांत जास्त धूळ ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये, त्याखालोखाल सूतकताईत, आणि सर्वांत कमी विणकामात. कापसाच्या बोंडाचा पाला आणि त्यावरचे जंतू यांच्या धुळीने जो आजार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला रविवारच्या सुटीनंतर सोमवारी छाती आवळते, मंगळवारी सैल होते. वर्षे गेली की रोजच आवळते, आणि मग तो आजार सीओपीडीपासून ओळखता येत नाही. धुळीला जात कळत नाही, खात्याला मात्र कळत होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांतल्या या आजाराचा अभ्यास केला. कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिसचे नाव होते. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, कामगार गावी गेले आणि त्यांच्या केसपेपरवर 'विडीचा दमा' एवढेच राहिले.

विडी हे सोपे उत्तर आहे, कारण त्यात दोष रुग्णाचा. २०१६ पर्यंतच्या राष्ट्रीय रोगभाराच्या अभ्यासाप्रमाणे भारतात सीओपीडीचे रुग्ण सुमारे साडेपाच कोटी होते आणि त्या भारातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा हवेच्या प्रदूषणाचा होता, घरातल्या चुलीच्या धुरासकट. तंबाखूचा वाटा साधारण एक चतुर्थांश. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. सरपण, गोवऱ्या, तुराट्या आणि फुंकणी. जी बाई चाळीस वर्षे फुंकणीतून चूल फुंकत आली, तिला आता दवाखान्यात दुसऱ्या नळीत फुंकायला सांगतात, आणि विचारतात काय? बाई, तुम्ही सिगारेट ओढता का?

यातून उपचारांचे काय होते ते पाहा. सीओपीडीच्या पंपांच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत रुग्ण घेताना अटच अशी असते की तो धूम्रपान करणारा हवा, किमान दहा वर्षे रोज एक पाकीट या हिशेबाने. म्हणजे चुलीवरची बाई चाचणीतच नव्हती. दुसरे, स्टिरॉइडचा पंप कोणाला द्यायचा हे आता रक्तातल्या इओसिनोफिल पेशींवरून ठरवतात. ३०० च्या वर असतील तर फायदा संभवतो, १०० च्या खाली असतील तर टाळा. नियम चांगला आहे, पण आपल्याकडे पोटात जंत असले तरी या पेशी वाढतात. स्वच्छ पाणी आणि संडास नसलेल्या वस्तीतला रुग्ण या आकड्याने चुकीच्या पंपावर जाऊ शकतो. तिसरे, स्टिरॉइडच्या पंपाने न्यूमोनियाचा धोका वाढतो, आणि पूर्वी क्षय होऊन गेला असेल तर तो देण्याविरुद्धचे कारण म्हणून 'गोल्ड'नेच नोंदवले आहे. क्षय कोणाच्या वस्तीत जास्त, हे मी सांगायला नको. आणि बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र काळसर त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, हे २०२० साली अमेरिकेत पुन्हा सिद्ध झाले. गोऱ्यांच्या तुलनेत काळ्या रुग्णांत लपलेली ऑक्सिजनची कमतरता जवळजवळ तिप्पट वेळा नजरेतून सुटत होती.

म्हणून २०२३ च्या 'गोल्ड' मार्गदर्शिकेतला एक बदल मला वंशाचा रकाना काढण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तिने सीओपीडीची विभागणी कारणांवरून मांडली. सिगारेटमुळे झालेला, जळणाच्या धुरामुळे आणि प्रदूषणामुळे झालेला, क्षयासारख्या संसर्गानंतरचा, बालपणी फुप्फुसाची वाढ खुंटल्यामुळे झालेला, आनुवंशिक, दम्यासोबतचा, आणि कारण न कळलेला. प्रत्येक प्रकाराचे वेगळे औषध अजून आलेले नाही. पण ११७ वर्षांपूर्वी डु बॉइस जे मागत होता, ते अखेर वर्गवारीत आले: माणूस कोणाच्या पोटी जन्मला ते नव्हे, तो काय श्वासात घेऊन जगला ते लिहा.

मग केसपेपरवर जात लिहायची का? माझे मत असे, की सूत्रात कधीच नाही, अभ्यासात मात्र जरूर. कोणत्या जातीच्या किती कामगारांची छाती गेली हे कोणी मोजले नाही तर गूल्डच्या कोष्टकासारखे उलट्या बाजूने होईल, कारणच गायब होईल. पण डॉक्टरच्या संगणकात मात्र आपल्या लेकरांकडून दहा टक्के कमी अपेक्षा ठेवणारा कोणताही रकाना नको.

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे आरोग्य शिबिरे होतात, रक्तदाब आणि साखर तपासली जाते. यंदा तिथे ठेवायच्या कागदावर चार प्रश्न वाढवा. घरात किती वर्षे चूल होती आणि जळण काय होते? गिरणीत, वीटभट्टीत, खाणीत, झाडूकामात कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले? क्षयाचा कोर्स कधी घेतला? लहानपणी छातीचा मोठा आजार झाला होता का? हा कागद रुग्णाच्या हातात द्या, तो डॉक्टरांच्या टेबलावर गेला पाहिजे. आणि ज्यांची फुंकण्याची तपासणी झाली आहे त्यांनी आपला रिपोर्ट काढून बघा. अपेक्षित आकडा कोणत्या समीकरणाने काढला, ते त्यावर बहुधा वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेले असते.